सिगारेट सुटली, तलफ राहिली: व्हेपवर येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चौदा वर्षं सिगारेट ओढली. पहिली पुण्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजसमोरच्या टपरीवर. शेवटची इंग्लंडमध्ये, रेडिंगला, फेब्रुवारीतल्या एका रात्री घराच्या मागच्या दारात कुडकुडत. (खरं तर ती शेवटची नव्हती, पण ते पुढे येईलच.) मधे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आलं. आता इथे नव्याने नोकरीला आलेली मराठी पोरं भेटली की पाचव्या मिनिटाला तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. कायद्याचं आणि औषधांचं जे सांगतोय ते बहुतेक इंग्लंडचं आहे. भारतात व्हेपवर बंदी आहे, त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे आणि तो वाचल्याशिवाय विमानात बसू नका.

व्हेप खरंच कमी घातक आहे, की सिगारेटचीच धाकटी बहीण?

सिगारेट ओढणाऱ्यासाठी कमी घातक. कधीच न ओढलेल्यासाठी विकतचं दुखणं. दोन्ही वाक्यं एकत्रच वाचायची.

निकोटिन चटक लावतं, पण सिगारेटने माणूस मरतो तो मुख्यतः धुराने. तंबाखू जळते तेव्हा धुरात सात हजारांच्या वर रसायनं तयार होतात, त्यातली किमान ७० कॅन्सरला कारण ठरणारी. शिवाय डांबर, शिवाय कार्बन मोनॉक्साइड. व्हेपमध्ये जळत काहीच नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर यांचं मिश्रण एका छोट्या कॉइलवर तापतं आणि त्याची वाफ होते. ती वाफ म्हणजे महाबळेश्वरची हवा नव्हे. तिच्यातही नको त्या गोष्टी असतात, पण धुराच्या मानाने फार कमी.

२०१५ साली पब्लिक हेल्थ इंग्लंड या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने 'धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक' असा आकडा दिला आणि दुकानदार तो अजून तोंडावर फेकतात. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हतं, आणि त्यावर तेव्हाच टीकाही झाली. आजच्या रूपातलं हे यंत्र होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास आणलं. म्हणजे चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात नाही. चाळीस वर्षांनी काय होतं ते कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला पत्रिकाही दाखवून घ्या.

मग अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी झाली होती, ते?

२०१९ ची गोष्ट. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०० वर लोक दवाखान्यात दाखल झाले आणि ६८ दगावले. बहुतेकांनी टीएचसीची (गांजातलं नशेचं द्रव्य), बरेचदा चोरट्या बाजारातली, व्हेपमध्ये बसवायची भरलेली काडतुसं ओढली होती आणि त्यांत घट्टपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे मुख्य कारण निघालं. इंग्लंडमध्ये निकोटिनच्या द्रवात ते घालायला बंदी आहे. यातून घ्यायचा धडा साधा: टेलिग्रामवरून, 'मित्राच्या मित्राकडून' आलेलं काहीही ओढायचं नाही.

इथले सरकारी डॉक्टर स्वतःच व्हेप घ्या म्हणतात, हे खरं?

हो, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही ते थट्टेसारखं वाटलं होतं. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक भागात फुकट 'स्टॉप स्मोकिंग' सेवा असते. २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा संच देण्याची योजनाच जाहीर केली.

मी गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी हातात एक यंत्र दिलं, जत्रेतल्या पिपाणीएवढं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग सावकाश फुंकायचं. आकडा वर चढत गेला आणि २३ वर थांबला. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड. दहाच्या खाली आला तर तुम्ही न ओढणाऱ्यांत धरले जाता. दोन आठवडे नुसत्या व्हेपवर काढून परत फुंकलं, तर ३. दहावीचा निकाल कळवावा तसा मी बायकोला फोन केला.

आता थंड डोक्याने आकडे. २०१९ मध्ये इथल्याच सेवांमधल्या ८८६ जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस सिगारेटमुक्त राहिलेले: व्हेपवाल्यांत १८ टक्के, निकोटिनचा पॅच (अंगावर चिकटवायची पट्टी), च्युइंगगम वगैरे घेणाऱ्यांत ९.९ टक्के. जवळपास दुप्पट, हे सगळे सांगतात. शंभरातले ८२ व्हेप घेऊनही अडखळले, हे कुणी सांगत नाही. मी सांगतोय ते घाबरवायला नाही. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून 'आपल्यातच दम नाही' असं म्हणणारे फार भेटतात, त्यांच्यासाठी.

व्हेप नकोच असेल तर व्हॅरेनिक्लिन आणि सायटिसिन या गोळ्याही इथे मिळतात. त्यासाठी डॉक्टरांशी बोला.

किती मिलीग्रॅमचं घेऊ?

इथे कायद्याने कमाल मर्यादा द्रवाच्या एका मिलिलिटरला २० मिलीग्रॅम निकोटिन. बाटली जास्तीत जास्त १० मिलीची, टाकी २ मिलीची. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल किंवा दिवसाला पाकीट संपत असेल, तर १८-२० पासून सुरुवात करा. दहाच्या आसपास ओढत असाल तर १०-१२ पुरेल.

आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे लाजेने कमी घेणं. 'कमी तेवढं बरं' म्हणून मी ६ घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावर गाडी थांबवून वीसचं पाकीट घेतलं. निकोटिन कमी पडलं की माणूस एक तर यंत्र तोंडातून काढत नाही, नाही तर सिगारेटकडे वळतो. आधी सिगारेट पूर्ण सुटू दे, मिलीग्रॅम नंतर उतरवता येतात.

जास्त झालं तर शरीर लगेच सांगतं: डोकं गरगरतं, मळमळतं, उचकी लागते. थांबायचं, पाणी प्यायचं, पुढची खेप सौम्य घ्यायची.

बाटलीवर 'निकोटिन सॉल्ट' असं लिहिलेलं घेतलं तर घशाला कमी खरवडतं आणि किक लवकर बसते. जुन्या सिगारेटवाल्यांना बहुधा तेच मानवतं.

यंत्र कोणतं? आणि माझ्याला करपल्यासारखी चव का येते?

वापरून फेकायची व्हेप १ जून २०२५ पासून इथे विकायला बंद झाली. म्हणजे चार्ज करायचं, भरायचं, पॉडवालं (पॉड म्हणजे द्रवाची छोटी टाकी) साधं यंत्र. ढगच्या ढग सोडणारं मोठं यंत्र घेऊ नका. सिगारेटसारखं घट्ट ओढावं लागणारं घ्या, आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचं.

करपल्याची चव म्हणजे कॉइलमधला कापूस कोरडा राहिला. नवी पॉड भरली की दहा मिनिटं तशीच ठेवा, कापूस नीट भिजू दे. मी पहिल्या दिवशी दुकानाच्या दारातच भरलं आणि ओढलं. उतू जाऊन शेगडीवर जळलेल्या दुधाचा वास आठवतो? तो थेट घशात. एकापाठोपाठ एक झुरके घेतले तरी तेच होतं. आणि गोड फ्लेवरने कॉइल लवकर काळी पडते.

फ्लेवरबद्दल माझं मत: 'तंबाखू' नावाचा फ्लेवर तंबाखूसारखा लागत नाही, भिजलेल्या गोणपाटासारखा लागतो. तिथे सिगारेट शोधायला गेलात तर हिरमुसाल. मेंथॉल सिगारेट ओढणाऱ्यांचं मात्र बरं जमतं. इथे त्या सिगारेटी मे २०२० पासून बंद आहेत, पण पुदिन्याची व्हेप मिळते.

सगळं नीट करूनही समाधान का होत नाही? पोट भरलं, मन भरलं नाही, तसं वाटतं.

हाच खरा प्रश्न. बाकीचे त्याच्या आजूबाजूचे.

पहिलं कारण वेगाचं. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. व्हेपचं बहुधा तेवढ्या झपाट्याने चढत नाही, विशेषतः नवखा माणूस ओढत असेल तेव्हा. दुसरं कारण धुरातलं. निकोटिनखेरीज तंबाखूच्या धुरात असे पदार्थ असतात की ते मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मंदावतात आणि त्यामुळे निकोटिनची मजा वाढते, असं मानलं जातं. व्हेपमध्ये ते जवळपास नसतातच. म्हणजे 'सिगारेटसारखं लागत नाही' ही तुमची कल्पना नाही. ते तसं नाहीच.

तिसरं कारण कुठल्या पत्रकात दिसलं नाही, मला वापरून वापरून कळलं. सिगारेट संपते. पेटवणं, पहिला खोल झुरका, मधली बडबड, शेवटी बोटांना चटका लागेपर्यंत आलेलं थोटूक आणि ते चपलेखाली विझवणं. पाच-सहा मिनिटांचा पूर्ण कार्यक्रम, त्याला सुरुवात आहे, शेवट आहे. 'चला' म्हणायचं आणि आत जायचं. व्हेपला शेवट नाही. दोन झुरके मारून खिशात, पुन्हा बाहेर, पुन्हा खिशात. दिवसभर चरत राहायचं आणि जेवलो कधी ते कळायचं नाही.

म्हणून मी व्हेपला शेवट लावून घेतला. बाहेर जायचं, उभं राहायचं, मोजून दहा झुरके, मग यंत्र बंद करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात, पँटच्या खिशात नाही. पहिले दोन-तीन आठवडे हे करू नका, तेव्हा लागेल तेवढं ओढा. सिगारेटची ओढ सैल झाली की मग करा.

तलफ निकोटिनची आहे की सवयीची, हे ओळखायचं कसं?

मी माझ्यापुरती नावं दिलीत: रक्ताची तलफ आणि जागेची तलफ.

रक्ताची तलफ कुठेही येते. झोपेतून उठल्यावर, लांबलेल्या मीटिंगमध्ये, ट्रेन अडकल्यावर. चिडचिड होते, हात शिवशिवतात, समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. निकोटिन रक्तातून उतरतं त्याची ही खूण; दोन तासांत ते निम्म्यावर येतं. हिच्यावर उपाय सोपा: व्हेप घ्या. वारंवार येत असेल तर मिलीग्रॅम वाढवा, किंवा अंगावर पॅच लावून वरून व्हेप ठेवा. दोन्ही एकत्र चालतं, इथल्या सेवेतले लोक सांगतातही. ही पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असते आणि महिनाभरात बरीच ओसरते.

जागेची तलफ जागेवरच येते. जेवणानंतर. पाऊस सुरू झाला की. ठरावीक मित्राचा फोन आला की. ऑफिसातून बाहेर पडल्यावर त्या एका भिंतीपाशी. तुम्ही दोन मिनिटांपूर्वी व्हेप ओढलं असलं तरी येते, आणि तिथे कितीही मिलीग्रॅम ओता, भागत नाही, कारण मागणी निकोटिनची नाहीच. मागणी त्या पाच मिनिटांची आहे. तीन वर्षांनंतर मला जी येते ती हीच.

ती आली की नेमकं करायचं काय?

ती काही मिनिटांतच उतरते, एवढं मनात धरा. तेवढ्यात हातपाय हलवायचे. सल्ल्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात, मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

ब्रेक सोडू नका. सिगारेट सोडणारा माणूस बाहेर जाणंच बंद करतो आणि स्क्रीनसमोर बसून कुढतो. मी अकरा आणि चारचा ब्रेक तसाच ठेवला. बाहेर जायचं, हवा खायची, व्हेप असलं तर असलं. नोकरीत फुकटात बाहेर उभं राहायची परवानगी फक्त सिगारेटवाल्यांनाच असते, ती कशाला घालवायची?

जागा मात्र बदलायची. सिगारेटवाल्यांच्या भिंतीपाशी उभं राहून व्हेप ओढणं म्हणजे उपासाच्या दिवशी मिसळीच्या दुकानात साबुदाण्याची खिचडी मागणं. मी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, सायकली लावतात तिथे जायला लागलो.

आणि तोंडाला काम. बडीशेप. टपरीवरून निघताना वास लपवायला जी बडीशेप आणि पुदिन्याची गोळी खायचो (वडिलांना अजून माहीत नाही, असं निदान मी समजतो), तीच आता सिगारेटच्या ऐवजी खातो. लवंगही चालते. जेवल्यावर लगेच दात घासले तर तलफ अर्धी होते, का ते माहीत नाही, पण होते.

चहासोबत सिगारेट हवीच, त्याचं काय? आणि सोडल्यापासून चहा बाधतोय.

चहा बाधतोय हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृतातल्या एका एन्झाइमला पळवतात, त्यामुळे कॅफिन शरीरातून लवकर निघून जातं. धूर बंद झाला की ते एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच चहात कॅफिन जास्त वेळ रेंगाळतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं. माणसाला वाटतं निकोटिन कमी पडतंय, म्हणून अजून व्हेप, अजून चहा. हे निकोटिनमुळे नव्हे, धुरामुळे होतं, म्हणून व्हेपवर येताच जाणवतं. सहा कप असतील तर तीन-चारवर या.

याच कारणाने काही औषधांचंही प्रमाण बदलावं लागतं: ओलान्झापिन, क्लोझापिन, दम्यासाठीचं थिओफिलिन. यातलं काही चालू असेल तर सिगारेट बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नंतर नाही. इन्सुलिन आणि वॉरफॅरिन घेणाऱ्यांनीही.

राहिली जोडी मोडायची. मी चहाच बदलला. उभ्याने कागदी कपातला सोडून दिला, आता बसून, बशीत बिस्कीट घेऊन. बिस्कीट धरलेल्या हातात सिगारेट मावत नाही.

सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही.

हसू नका, हा मला सर्वांत जास्त, आणि सर्वांत हळू आवाजात, विचारलेला प्रश्न आहे. निकोटिन आतड्यांना ढकलतं आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. व्हेपमध्ये निकोटिन असल्याने बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि दोन आठवड्यांचा धीर. पॉट हे फोनचं ठिकाण झालंच आहे, तिथे व्हेपला नवी जागा देऊ नका. नाही तर ती पुढची जागेची तलफ.

सोडल्यावर खोकला वाढला आणि तोंड आलं. उलटंच झालं की!

फुप्फुसं स्वतःची झाडलोट सुरू करतात, म्हणून काही आठवडे खोकला येऊ शकतो. तोंड येणंही सिगारेट सोडणाऱ्यांत नेहमीचं. शिवाय व्हेपमुळे घसा कोरडा पडतो, तेव्हा पाणी पीत राहा. पण खोकला तीन आठवड्यांच्या वर टिकला, रक्त पडलं, छातीत दुखलं, धाप लागली किंवा तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर दवाखाना गाठा. मागे तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर त्या व्रणाच्या बाबतीत एक दिवसही चालढकल नको.

व्हेप चालू आहे आणि दिवसाला दोनच सिगारेट. चाललं की?

नाही चालत. विसाच्या दोन झाल्या म्हणजे धोका दहावा हिस्सा झाला, असं गणित आपण मांडतो. हृदयाच्या बाबतीत ते गणित चुकतं. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा वाढीव हृदयविकाराचा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघाला. विसावा नाही, निम्मा.

आणि त्या दोन सिगारेटी कोणत्या, ते पाहा. नेहमी जागेच्याच निघतात: जेवणानंतरची आणि झोपण्याआधीची. पहिले काही आठवडे दोन्ही चालू राहणं समजू शकतो, पण तारीख ठरवा. भारतात सुटी सिगारेट मिळते म्हणून 'एकच' घेता येते. इथे वीसच्या खाली पाकीटच मिळत नाही. मी पुण्यात पाचावर होतो, इथे येऊन पंधरावर गेलो, त्याचं अर्धं कारण ते पाकीट. घरात आणलं की ते संपतंच.

पार्टीत, दारूबरोबर?

पहिला महिना टाळा. टाळता येत नसेल तर व्हेप पूर्ण चार्ज करून जा आणि बाहेर सिगारेट ओढायला निघालेल्यांबरोबर उठू नका.

वजन वाढतं का?

सिगारेट पूर्ण सोडणाऱ्यांचं वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. व्हेपवर निकोटिन चालू असल्याने माझं तेवढं वाढलं नाही. वाढलं ते बिस्किटांनी.

गणपतीला घरी जाणार आहे. व्हेप नेऊ का?

नाही. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. 'माझ्यापुरतं एकच आहे' हा युक्तिवाद कस्टमच्या टेबलापाशी करून पाहण्यात अर्थ नाही, कारण बाहेरून देशात आणणं म्हणजेच आयात. वाटेत सिंगापूर किंवा थायलंड असेल तर तिथलीही बंदी कडक आहे.

मग तीन आठवडे काय? मी पॅच आणि निकोटिनचं च्युइंगगम नेतो. २ मिलीग्रॅमचं गम भारतात औषधाच्या दुकानात मिळतंही. ते साध्या गमसारखं चावत सुटायचं नाही. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की तंबाखूचा बार धरतात तसं गालात दाबून ठेवायचं, चव उतरली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाही तर निकोटिन नीट शोषलं जात नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी घरीच सराव करा. विमानात पहिल्यांदा करायला गेलात तर उचक्या लागतील आणि शेजारचे काका पाठ चोळून देतील.

भारतातल्या भावाला सोडवायची आहे. त्याला काय सांगू?

चोरून व्हेप मिळवून देऊ नका. तिथे जे मिळतं ते कुठून आलं, आत काय आहे, याला बाप ना माय. गम, पॅच, डॉक्टरकडून गोळ्या, आणि १८००-११-२३५६ ही फुकट राष्ट्रीय हेल्पलाइन, जिचा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि मी वर्षानुवर्षं तिकडे न बघता पाकीट फोडलं.

शिवाय भाऊ नक्की काय घेतो ते विचारा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले १०.७ टक्के प्रौढ धूर ओढणारे आणि २१.४ टक्के तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे निघाले. आपल्या घरांत सिगारेटीवर ओरडा होतो आणि आजीच्या मिश्रीच्या डबीला कुणी हात लावत नाही.

घरात लहान मूल आहे, बायको गरोदर आहे.

बाटली आणि यंत्र कुलपात. निकोटिनचा द्रव पोटात गेला तर लहान मुलाला विषबाधा होते आणि त्या द्रवाला आंब्याचा वास येत असतो, एवढं लक्षात ठेवा. घरात ओढू नका. गरोदर बाई स्वतः ओढत असेल तर आधी पॅच-गम सुचवतात. व्हेपनेच सिगारेट सुटणार असेल तर सिगारेटपेक्षा ते बरं, अशी इथली भूमिका आहे. पण हे सुईणीला विचारूनच.

महिनोन्महिने नाही ओढली आणि काल एक ओढली. सगळं पाण्यात?

सोडल्यावर चौदा महिन्यांनी पुण्याला गेलो होतो. जुन्या टपरीवर मित्र चहा सांगत होता. टपरीवाल्याने मला ओळखलं, हसला, आणि न विचारता एक छोटी गोल्ड फ्लेक काढून लायटरसकट पुढे केली. सुतळीला बांधलेला तोच लायटर. त्याच्या लेखी मी मधे कुठे गेलोच नव्हतो. मी ती ओढली. तिसऱ्या झुरक्याला डोकं फिरलं, तोंडाची चव गेली, आणि अर्धी टाकली. ती ओढावीशी वाटण्यात निकोटिनचा काही संबंध नव्हता, दंडावर पॅच लावलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी टपरी बदलली. एवढंच केलं. एक ओढली की 'आता गेलंच' म्हणून पाकीट घेणारे मी पाहिलेत, आणि पडतात ते त्या पाकिटामुळे, त्या एकीमुळे नाही.

व्हेप तरी कधी सोडायचं? तुम्ही सोडलं का?

आधी सांगितलेल्या त्याच अभ्यासात व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेपवरच होते, तेव्हा तुम्ही एकटे नाही. घाई करू नका, सिगारेट परत येईल असं वाटत असताना तर मुळीच नाही. पण कायमचं ठेवायची वस्तूही नव्हे ती. मी दर दोन-तीन महिन्यांनी एक पायरी उतरलो: २० वरून १२, मग ६, मग ३. सहावर आल्यावर झुरके वाढले तेव्हा महिनाभर तिथेच थांबलो. खिशाचंही कारण होतं: १ ऑक्टोबर २०२६ पासून इथे दर १० मिलीमागे २.२० पौंड कर ठरलेला आहे, म्हणजे स्वस्तातली बाटली जवळपास दुपटीला.

सध्या ३ मिलीग्रॅमवर आहे, दिवसातून दोनदा, सायकलींच्या स्टँडपाशी. चारचा ब्रेक गेल्या महिन्यापासून नुसताच घेतो, हातात काही न घेता. परवा पाऊस होता, शेजारी कुणीतरी सिगारेट पेटवली आणि मी वास येईल अशा बाजूला जाऊन उभा राहिलो.